टण् की भद्द

४ फेब्रुवारी, मंगळवार

कप फुटला. आपला! आम्ही विकलेला, जळत्या मेणबत्तीसकट, शिंपीणबाईंच्या दुकानात, त्यांच्या शिवणयंत्राच्या फळीवर. त्या उचलायला गेल्या आणि हातातच दोन तुकडे झाले. कढत मेण तळव्यावरून मनगटापर्यंत ओघळलं. उजवा हात.

सूनबाई बातमी घेऊन आली तेव्हा मी वाती कापत बसले होते. ती उंबऱ्यातच बसली, चपला पायात तशाच. म्हणाली, "आई, त्यांचे शाळेचे गणवेश शिवायचे राहिलेत. दोनशे. आणि उजवा हात."

मी काहीच बोलले नाही. मी! जिच्या तोंडाला कुलूप घालायला सासऱ्यांनाही जमलं नव्हतं, ती.

मास्तरीणबाई, एवढंच पुरे आज. वही मिटा.

५ फेब्रुवारी, बुधवार

शिंपीणबाईंनी तुकडे वर्तमानपत्रात बांधून पाठवले. बरोबर शब्दही नाही, शिवीही नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

सूनबाईने तुकडे ओट्यावर मांडले. ती डॉक्टरासारखी वाकली त्यांच्यावर. "बघा आई, तळाशी बोटभर मेण शिल्लक आहे. म्हणजे ज्योत तळाला टेकली नव्हती. मग वातच जाड झाली माझी. माझ्या वातीने कप तापला." माझी, माझ्या. दर वाक्यात.

ती काजळी शोधत होती. मी तुकड्याची कड बघत होते. कप आत्ता फुटला असेल तर कड पांढरीशुभ्र हवी. ही अर्धी पांढरी होती, अर्धी तपकिरी. चहाचा रंग! म्हणजे चीर जुनीच. वर्षानुवर्षं चहा पीत बसलेली, केसासारखी बारीक. मेणबत्तीने फक्त शेवटचा धक्का दिला.

तो तुकडा मी मुठीत घेतला. ती म्हणाली, "काय शोधताय?" मी म्हटलं, "काही नाही, तुला लागेल म्हणून उचलला."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ टोचत होती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज सगळं सांगून टाकते. मास्तरीणबाई, शपथ आठवते ना? मुलगा गेला त्या वर्षी तुम्हीच खालच्या मजल्यावरून वर येऊन म्हणालात, "मनातलं बोला आजी, मी लिहिते आणि माझ्या कपाटात ठेवते." चार वर्षं झाली. आजवर तुमच्या कपाटात माझी गुडघेदुखी आणि लोकांच्या चुगल्याच गेल्या. आज खरा माल घ्या. आणि माझ्या बोलण्याला इस्त्री करू नका.

आमची मेणबत्ती सोयाबीनच्या मेणाची. हे मेण लाडावलेलं, मऊ. स्वतःच्या पायावर उभं राहत नाही, त्याला घर लागतं. मेण, वास, वात हे सूनबाईचं खातं. घर शोधणं माझं. जुन्या बाजारात मी हिंडते. झाकण हरवलेला साखरेचा डबा, टोक मोडलेलं दुधाचं भांडं, बशी गेलेला कप. गिऱ्हाईक म्हणतं, "काय नवीन कल्पना आहे!" कल्पना कसली? ज्यांचा जोडीदार फुटला त्यांचं मी दुसरं लग्न लावून देते.

पण स्थळ पारखून घ्यावं लागतं. लाकडाचा वाडगा नको, तो स्वतःच पेटतो. आतून रंगवलेलं नको. निमुळत्या तोंडाचं नको, ज्योत गुदमरते आणि काठ पोळतो. बूड डुगडुगतं ते नको. पातळ काच नको. हे सगळं डोळ्यांनी होतं. चीर मात्र डोळ्यांना दिसत नाही. ती कानाला विचारावी लागते. चमच्याच्या दांडीने भांडं हलकेच वाजवायचं. टण् म्हणालं तर घे. भद्द म्हणालं तर टाक. मी मोठ्याने निकाल सांगायचे, सूनबाई दोन टोपल्यांत भरायची. ती सगळ्यांना सांगायची, "आमच्या आईंचा कान म्हणजे यंत्र आहे!"

गेल्या वर्षी यंत्र बंद पडलं.

एका सकाळी काचेची बरणी वाजवली. भद्द. दुसरी? भद्द. पितळी वाटी घेतली, जी वाजली की शेजारची बाई जागी व्हायची. भद्द! तेव्हा कळलं, भांडी नाही बिघडली. बारीक, उंच आवाज माझ्यापर्यंत पोचेनासे झाले. माणसांचं बोलणं समजतं, निम्मं उजव्या कानाने आणि निम्मं त्यांच्या तोंडाकडे बघून. भांड्याला कुठे तोंड हलवता येतं?

मग मी काय केलं? टण् म्हणायला लागले. तोंडाने! भांडं वाजो न वाजो, मी वाजायची.

ते बंद पडलेल्या हॉटेलचे चोवीस कप. एकसारखे, जाड, छान. सूनबाई म्हणाली होती, "कढत पाणी ओतून बघू का, बरण्यांना बघतो तसं?" मी म्हटलं, "जन्मभर उकळता चहा पोटात घेतलाय त्यांनी, तू काय परीक्षा घेतेस?" आणि बसले वाजवायला. एकोणीस टण्, पाच भद्द. सगळेच पास केले असते तर संशय आला असता. ते पाच मला दिसायला आवडले नाहीत, एवढाच त्यांचा गुन्हा.

मास्तरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे मी रोज एवढं बोलते ते तुम्हाला—"

"निम्मं ऐकू येतं," म्हटलं. "तेवढं पुरतं."

हसल्या नाहीत. मीही उगाच बोलले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सून दोन दिवस नीट जेवली नाही. मी जेवले. लाज म्हणून काही असतं, पण भूक तिला विचारून लागत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

सूनबाई सकाळीच शिंपीणबाईंच्या दुकानात जाऊन बसते आता. त्यांचे गणवेश हिने शिवायचे, त्यांनी डाव्या हाताने दाखवायचं. संध्याकाळी परत येते ती थेट चुलीपाशी. मेण वितळवते, बारीक वात लावते, जाड वात लावते, घड्याळ लावून चार-चार तास जाळते. कप काही फुटत नाही. कसा फुटेल? ती चांगल्या कपांत जाळतेय. टोपलीतल्या त्या भद्दवाल्या पाचांत! म्हणते, "वाया गेलेलेच वापरते, फुटले तर फुटले." फुटत नाहीत. मग आणखी कासावीस होते. "मग तिथे का फुटला? काय केलं मी?"

दुपारी मास्तरीणबाईंना म्हटलं, तुम्ही वाजवून बघा हो ते पाच.

त्यांनी वाजवले. प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून मान हलवली. पाचही टण्. पाचही ठणठणीत!

म्हणजे चांगले ते मी घरात ठेवले आणि वाईट किती बाहेर धाडले, ते देवाला माहीत. एक फुटला. अठरा लोकांच्या घरात आहेत. कुणाच्या टेबलावर, कुणाच्या पडद्याखाली.

नातीचा वसतिगृहातून फोन आला. "आजी, तुझा आवाज असा का?" की असंच काहीतरी. मी नेहमीसारखं, "घे, आईशी बोल," म्हणून फोन पुढे केला. आई घरात नव्हती. फोन हवेत धरून उभी राहिले!

९ फेब्रुवारी, रविवार

सून घरी. मास्तरीणबाई जिन्यात उभ्याने लिहितायत. एकच: आज सांगणार होते. नाही सांगितलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

रडून कप परत येत नाहीत. निघाले.

अठरांपैकी तेरा मी स्वतः फाटकाशी टेबल मांडून विकलेत. अक्षर येत नाही म्हणून मला चेहरे पाठ. प्रत्येकाचा चेहरा, घर, घासाघीस, सगळं डोक्यात. बाकीचे पाच सूनबाईने पार्सलने परगावी पाठवले. ते नंतर बघू.

युक्ती अशी: पत्र्याच्या डब्यांतल्या मेणबत्त्या घ्यायच्या. पत्रा चिरत नाही. दार वाजवायचं आणि म्हणायचं, "कप द्या, डबा घ्या, मोठा आहे." मास्तरीणबाई पिशवी धरून मागे.

"आणि सूनबाईने विचारलं डबे कुठे गेले, तर?"

"तुमच्या वाढदिवसाला घेतलेत म्हणेन."

"तेरा? माझं वय काय समजेल ती!"

न्हाव्याकडची मेणबत्ती संपलीय. तो कपात वस्तरे उभे करतो. राहू दे, वस्तऱ्याने कप तापत नाही. दाताच्या दवाखान्यातली मुलगी म्हणाली, "पण आजी, याचा वास किती छान आहे!" म्हटलं, "म्हणूनच परत दे." ती बावरली आणि दिला. चष्मेवाल्याने विचारलं, "काही खराबी आहे का?" मी म्हटलं, "छे हो, गिऱ्हाइकाचं कौतुक म्हणून."

छे हो! जीभ कशी वळली ती.

आज सहा मिटले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आणखी पाच. गुडघे बोलतायत. त्यांचं मात्र स्पष्ट ऐकू येतं.

परत आणलेले कप मास्तरीणबाईंच्या न्हाणीघरात ठेवतो. त्या एकेक वाजवतात. मी त्यांच्या तोंडाकडे बघते. आतापर्यंत चार भद्द. चार घरं!

सून विचारते, "आई, दुपारी कुठे जाता?" म्हटलं, "पाय मोकळे करायला." तिने माझ्या सुजलेल्या पायांकडे बघितलं. रात्रीचं ताट वाढताना पायांखाली उशी सरकवली फक्त. अगं, मला मार तरी!

१२ फेब्रुवारी, बुधवार

बारावा बँकेच्या पहारेकऱ्याकडे. तो सुट्टीवर. मेणबत्ती बायकोने माळ्यावर टाकलीय, वास सोसत नाही म्हणून. मी त्या माउलीचे हात धरले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तेरावा निवृत्त पोस्टमनकाकांकडे. बायको तीन वर्षं अंथरुणावर. उठता येत नाही, कूस बदलता येत नाही. खाटेशेजारी स्टूल, स्टुलावर आपला कप. जळत होता!

"हिला ज्योत बघायला आवडते," ते म्हणाले. "दुपारी पडदे ओढतो आणि लावतो. तेवढीच करमणूक."

मी डबा पुढे केला. मोठा आहे, बदलून घ्या. ते म्हणाले, "कशाला? हा चांगला आहे. कपाकडे बघून हिला आम्ही चहाला जायचो ते जुनं हॉटेल आठवतं."

मी म्हटलं, डब्याचा वास जास्त. नको म्हणाले. म्हटलं, नवीन पद्धत आहे. नको. म्हटलं, सूनबाईने सांगितलंय. तिचं नाव वापरलं मी, बघा! ते म्हणाले, "आजी, चाळीस वर्षं दारोदार पत्रं वाटली. दारात उभं राहून खोटं बोलणारा माणूस मला कळतो. काय झालंय?"

चादरीचं टोक स्टुलाला टेकलं होतं. त्या बाई माझ्याकडे बघत होत्या, शांत. त्यांना तर पळताही येणार नाही.

सांगितलं. पहिल्यांदा एका परक्या माणसाला. माझा कान गेला, हा कप मी न ऐकता पास केला, एकीचा हात भाजला.

त्यांनी आधी फुंकर घातली. मग मेण थिजेपर्यंत थांबले. कप उचलून त्यांनी नखाने वाजवला. मला अक्षरं वाचता येत नाहीत, पण चेहरा वाचता येतो. तापून चीर आता डोळ्यांना दिसण्याइतकी उघडली होती. कानापासून तळापर्यंत, तपकिरी.

डबा घेतला त्यांनी. नवी ज्योत लावून दिली बायकोला. दारापर्यंत सोडायला आले आणि विचारलं, "सुनेला सांगितलंत?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. बहिरेपण पहिल्यांदा उपयोगी पडलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

घात झाला.

सूनबाईने मेणाचं पातेलं घासून उपडं घातलं. तापमापक खोक्यात. वातीची रिळं खोक्यात. म्हणाली, "आई, बंद करू या. हे काम माझ्या हातचं नाही. शिंपीणबाई म्हणाल्या, कायमची ये माझ्याकडे. जाते." एवढं बोलून आमच्या त्या साखरेच्या डब्यावरून हात फिरवत बसली. मुलगा गेल्यावर वर्षभर ही बाई हसली नव्हती. त्या डब्यात पहिली मेणबत्ती नीट जळली त्या दिवशी हसली होती. मी बघितलंय.

मग म्हणाली, "फक्त ते पाच पार्सलवाले राहिले. त्यांना कळवते उद्या-परवा, माझी वात जाड झालीय, कापून बारीक करा, मग खुशाल लावा."

खुशाल लावा!

वात कापून काय होणार? कपच चिरलेला! हिचं ऐकून ते पाच जण निर्धास्त होतील आणि रोज लावतील. त्यांचे पत्ते, नंबर सगळं तिच्या फोनमध्ये. तिथे माझे चेहरे आणि माझे गुडघे पोचत नाहीत. तिला सांगितल्याशिवाय मार्ग नाही.

मी तोंड उघडलं. म्हटलं, "चहा टाकू?"

मास्तरीणबाई, का गप्प बसते मी, माहीत आहे? शिंपीणबाईंची भीती नाही, लोकांची तर मुळीच नाही. मुलगा गेला. त्याच्यामागे ही मला सांभाळेल हे तिच्यावर बंधन नव्हतं. पण तिला माझा कान लागायचा. "आई, जरा वाजवून बघता?" दिवसातून दहा वेळा हाक. कान गेला म्हटलं की ती हाक गेली. मग मी कोण? खिडकीजवळची खुर्ची. तिच्यावर बसलेलं एक गाठोडं, ज्याला वेळेवर औषध द्यायचं.

म्हणून तिचा हात दोषी ठरू दिला मी. अशी आई.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तीनदा तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. एकदा म्हटलं, मीठ संपलंय. एकदा म्हटलं, पंखा आवाज करतो. तो करतो का ते मला कुठे माहीत! तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आई, बरं नाही का? कपाळ बघू." आणि हात लावून बघितलं. गार हात. बोटांना सुया टोचलेल्या, गणवेशांच्या.

उद्या ती त्या पाच जणांना फोन करणार.

मास्तरीणबाई म्हणतात, "आजी, हे शेवटचं पान माझ्या हातचं. तुमच्या आधी मी काही बोलणार नाही, शपथ पाळीन. पण लिहायचीही नाही. वही घेऊन जा वर."

इतक्या मोठ्याने बोलल्या की एक शब्द चुकला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज सूनबाई लिहितेय. म्हटलं, फोन करायच्या आधी जरा पेन घे. तिला वाटलं, किराण्याची यादी.

लिही बाई. त्या चोवीस कपांतला एकही मला ऐकू आला नाही. वर्षभर भांड्याचा आवाजच ऐकू येत नाही. टण् मीच तोंडाने म्हणायची. फुटलेल्या तुकड्याची चीर जुनी होती, मी तो लपवला. वात तुझी बरोबर होती.

थांबलीस का? लिही.

अशी बघू नकोस. बघ, पण लिहितालिहिता बघ. 'वात तुझी बरोबर होती' लिहिलंस? आणखी एकदा लिही.

आता फोन लाव. पाचही जणांना मी सांगणार, माझ्या तोंडाने. ते काय म्हणतील ते तू मला ओरडून सांग. शिव्या दिल्या तर त्याही सांग, गाळू नकोस. आणि इकडून नको, उजव्या बाजूला येऊन बस.